समोरची ओळ

“आणि मिठाई? मिठाई कुठंय, आंटी?”

श्राव्याने तिसऱ्या डब्याचं झाकण उघडलं. त्यातही सैनाच. पहिल्या दोन डब्यांत होती तशीच, अळूच्या पानांना वाटलेली डाळ फासून, गुंडाळून, उकडून, मग कापून तळलेली. सुभागवतीने झाकण तिच्या हातून काढून घेतलं आणि गच्च लावलं.

“यंदा मिठाई नाही.”

“नाही म्हणजे? अहो, मी बाहेर पाटीवर लिहून बसलेय. फिजीची लकडी मिठाई! गेल्या वर्षी डबा उघडला आणि बघता बघता फस्त. लोक मला खातील आता.”

“मग तूच बस ताटात,” सुभागवती म्हणाली.

श्राव्याने हसत कपाळावर हात मारला आणि ती पळाली. पोर वाईट नव्हती. मूळची हैदराबादची, दातांची डॉक्टर. ऑस्ट्रेलियात, मकायात येऊन जरा कुठे स्थिरावते तोच इंडियन मंडळाचं सगळं ओझं तिच्या डोक्यावर येऊन पडलं होतं. होळीच्या सुमाराला नगरपालिकेचा हॉल भाड्याने घ्यायचा, खुर्च्या मांडायच्या, माइकवाल्याच्या मागे लागायचं, कुणाचा गरबा कुणाच्या भांगड्याच्या आधी यावरची भांडणं सोडवायची आणि शिवाय सगळ्यांकडे बघून हसायचं. थांबून ‘का नाही केली मिठाई’ असं विचारायला तिला सवड नव्हती. आणि विचारलं असतं तरी सुभागवतीने सांगितलं नसतं. सांगणार तरी काय? घरात कढईत गोड पडत नाही, कारण दारात अजून गाणारे आले नाहीत?

पण कारण तेच होतं.

त्यांच्याकडे, म्हणजे फिजीत बा नदीच्या काठी त्यांचं गाव होतं तिथे, आणि गाव सोडून इथे क्वीन्सलँडच्या उसात येऊन वसलेल्या घरांतही, माणूस गेलं की तेराव्याला पंडित सगळं उरकून जायचा. सुतक संपायचं. दुखवटा मात्र सुटायचा नाही. तो सोडवायचा मान पंडिताचा नव्हे, फगुवा गाणाऱ्यांचा. होळीला, म्हणजे फगुवाला, गाणाऱ्यांचा मेळा घरोघर निघायचा आणि त्यात पहिलं दार ठरलेलं, वर्षभरात ज्या घरचं माणूस गेलं त्या घराचं. अंगणात दोन ओळी समोरासमोर उभ्या राहायच्या. एक ओळ सवाल टाकायची, समोरची जबाब द्यायची. त्या दारात आधी उदास चौताल, म्हणजे सवाल-जबाबाचं फगुवाचं गाणं, म्हणायचा, संथ, ओढून ओढून. मग घरच्या बाईने दोन्ही ओळींच्या म्होरक्यांना गुलाल लावायचा, की झालं. त्या घडीपासून घरात रंग आला, गोड आलं, हसणं आलं. तोवर काही नाही. आणि घरच्यांनी स्वतः गाऊन चालत नाही. ज्याचं दुःख त्याने ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं.

सुभागवतीचा नवरा बिसेसर गेल्या जूनमध्ये गेला. उसाचा हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात. जन्मभर त्याने टायर बदलले, फिजीत कारखान्याच्या ट्रकांचे, इथे खाणीच्या. घरात बोलणं जेवढ्यास तेवढं. भाजीत मीठ नसलं तरी न बोलता जेवून उठणारा माणूस. पण मेळ्यात तो समोरच्या ओळीचा, जबाबाच्या ओळीचा म्होरक्या. मकायातल्या फिजीवाल्यांच्या ज्या ज्या घरी मयत झालं तिथे तिथे बिसेसर जबाब द्यायला उभा राहिलेला. आणि घरची बाई गुलालाची चिमूट घेऊन समोर आली की हा बाबा डोळे गच्च मिटून म्हणणार, “हळू गं, डोळ्यात जातो.” रडता रडता त्या बाईला हसू यायचं. दर वर्षी, दर दारात तेच. सुभागवती त्याला आपल्या दारात गुलाल लावायची तेव्हाही तेच. “डोळे मिटलेस ना, मग कसा जाईल?” ती म्हणायची. “तुझा काय भरवसा,” तो म्हणायचा.

आता त्या बिसेसरच्या दारात उभं राहायला माणूस उरला नव्हता. मेळ्यातले काही वर गेले, काही पोरांच्या मागोमाग ब्रिस्बेनला गेले, काहींच्या गुडघ्यांनी राम म्हटला. राहता राहिला भगौती.

भगौती सवालाच्या ओळीचा म्होरक्या. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, विधुर, तोंडाने फाटका. तो आणि बिसेसर एका गावचे. इथेही एकाच वर्षी आलेले. एकमेकांना शिव्या घातल्याशिवाय दोघांना अन्न जायचं नाही. जानेवारीत एक दिवस तो सुभागवतीच्या दारात येऊन उभा राहिला.

“भौजी,” तो म्हणाला. तिला तो भौजीच म्हणायचा, आपल्या बोलीत वहिनीला म्हणतात तसं. “तुझ्या दारात ओळ उभी राहत नाही ना? मग मी स्टेजवर उभी करतो.”

“कसलं स्टेज?”

“मंडळाचं. कळवून टाकलंय त्या दातवालीला. फगुवा आमच्याकडे. शेजारच्या सरिना गावचा गंगादीन आणि त्याचा भाऊ यायला तयार आहेत. मी सवाल टाकणार, ते दोघं जबाब देणार. चारशे माणसांसमोर बिसेसरचा दुखवटा सोडवतो की नाही बघ. राजाचा सुटत नाही असा.”

“ते दारात व्हायला लागतं, भगौती.”

“अगं, चारशे माणसं जिथे जमतात तिथे दार आपोआप होतं.”

हे तिला पटलं असं नव्हे. पण दुसरं हातात होतं काय? मुलगा रोनील तिकडे पर्थला. तो फोनवर म्हणाला होता, “अम्मा, तू अजून बिनसाखरेचा चहा पितेस? पंडितने केलं ना सगळं? मग झालं की! पापा असते तर म्हणाले असते, वेडी आहेस.”

“पापा असते तर प्रश्न कुठे होता,” ती म्हणाली होती आणि फोन ठेवला होता.

म्हणून आज ती आली होती. नाचगाणी बघायला नव्हे. अंगणातला अळू खुडून, आदली रात्र जागून तिने सैना केली. रिकाम्या हाताने कसं यायचं, एवढ्यासाठीच. तिला फक्त समोरच्या ओळीचा जबाब कानांनी ऐकायचा होता, आणि घरी जाऊन साखरेचा डबा उघडायचा होता.

हॉलमध्ये ही गर्दी. भिंतीलगत टेबलं मांडलेली. पंजाब्यांचे छोले, केरळच्या नर्सबायांचे अप्पम, गुजरात्यांचा ढोकळा, सगळ्यांचे वास एकात एक मिसळलेले. पोरं खुर्च्यांमधून पळत होती. सुभागवतीच्या शेजारचं टेबल मुग्धा नावाच्या एका बाईचं. नवरा खाणीत इंजिनीअर, नाशिककडची, नुकतीच आलेली. तिने सैनाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि किंचाळलीच.

“अगंबाई! ही तर आमची अळूवडी! काकू, तुम्ही इंडियातल्या कुठल्या हो?”

“बाची.”

“बा? हे कुठं आलं? गुजरातेत का?”

“फिजीत.”

“अच्छा.” मुग्धा क्षणभर घोटाळली. “म्हणजे तुम्ही तशा इंडियन नाही.”

“मी नसेन,” सुभागवती म्हणाली, “पण वडी आहे ना?”

मुग्धाचा चेहरा गोरामोरा झाला. मनाची भाबडी होती बिचारी. लगेच आपल्या टेबलावरची पुरणपोळी उचलून तूप लावून घेऊन आली. “चुकलं हो माझं. जिभेला काही हाडच नाही माझ्या. ही घ्या, एवढी तरी खाच.”

“मला गोड चालत नाही.”

“डायबेटिस?”

“हं,” सुभागवती म्हणाली. कुठे सांगत बसायचं सगळं.

“मग घरी न्या. औषध घ्या आणि खा. होळीची पोळी परत करायची नसते.” असं म्हणून तिने पोळी कागदात गुंडाळली आणि सुभागवतीच्या पिशवीत कोंबली. सुभागवतीला नाही म्हणता आलं नाही. उलट मनात आलं, आज दुखवटा सुटला तर पहिलं गोड हेच खाऊ. परक्या बाईच्या हातचं. बिसेसरला गंमत वाटली असती.

स्टेजवर नर्सबायांचा नाच संपला, भांगडा सुरू झाला, आणि तेवढ्यात भगौती आला. पांढरा कुडता, पांढरं धोतर, हातात झांज. एवढा कडक इस्त्रीचा माणूस, पण चेहरा पार उतरलेला.

“गंगादीन कुठंय?” सुभागवतीने विचारलं.

“त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलंय. दुपारी छातीत दुखायला लागलं तिच्या. दोघं भाऊ तिथंच बसलेत.” मग तो खाली बघून म्हणाला, “त्यांना तरी काय बोलणार?”

“मग?”

“आपल्या फिजीवाल्यांच्या पोरांना विचारून आलो. ते बघ, दारापाशी उभे आहेत. म्हणाले, अंकल, आम्हाला नाही येत ते. म्हटलं, नुसतं माझ्यासमोर उभे राहा रे, तोंड हलवा. तर म्हणाले, लाज वाटते.”

सुभागवतीने चिमटा हातात घेतला, सैनाचे तुकडे उगीच इकडचे तिकडे केले. “मग नको उभा राहूस. सांग तिला, नाही जमत म्हणून.”

“पाटीवर नाव लिहिलंय.”

“पाटीवर माझी मिठाईसुद्धा लिहिलीय.”

“भौजी, मी आज खाली बसलो ना, तर वरून तो काय म्हणेल ठाऊक आहे? म्हणेल, घाबरला साला.” भगौतीने झांज कुडत्याला पुसली. “एक सवाल टाकून बघतो. चारशे माणसं आहेत. कुणाच्या तरी आज्याने गायलेलं असेलच की. कुणीतरी उठेल.”

कुणी उठणार नव्हतं. तिला कळत होतं. त्यालाही कळत असावं.

“आणि आता,” श्राव्याचा आवाज माइकमधून आला, “आपले फिजीचे अंकल होळीचं एक मस्त मजेदार गाणं म्हणणार आहेत! जोरात टाळ्या!”

भगौती स्टेजवर गेला. लोकांकडे तोंड करून उभं राहावं ना? नाही. तो गेला एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाकडे तोंड करून उभा राहिला. लोकांना त्याचा एक कान आणि अर्धा चेहरा दिसत होता. माइकवाला गोंधळला, धावत जाऊन माइक त्याच्या तोंडाशी सरकवून आला. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खुदकन हसलं. भगौतीने झांजेचा एक ठोका दिला आणि डोळे मिटून आवाज लावला.

“पलीकडे कोण गं गेलं, होडी रिकामी आली…”

आवाज म्हातारा होता, पण खरा होता. उसाच्या शेतातून पलीकडच्या बांधावर हाक मारावी तसा. ओळ त्याने दोनदा म्हटली, दुसऱ्यांदा शेवट लांबवून हळूहळू खाली आणला, झांज छातीशी धरली आणि थांबला.

आता जबाब.

ही जागा समोरच्या ओळीची. इथे सवालवाल्याने तोंड उघडायचं नसतं, कितीही वेळ गेला तरी. इतकी वर्षं या जागेत बिसेसरचा आवाज यायचा. तो घाई करायचा नाही. एक श्वास घ्यायचा, मान जरा तिरकी करायचा, आणि मग. सुभागवती दर वर्षी दारात चहाची किटली घेऊन उभी असायची आणि त्या एका श्वासापुरती तीही थांबायची. तिला जबाब येत होता. सगळेच्या सगळे येत होते. आत्ताही तो पोटातून उठून गळ्यापर्यंत आला. तोंड उघडलं असतं तर बाहेर पडला असता. वाटलं, एकदा, फक्त एकदा द्यावा ओरडून. पण ती दुखवट्यातली बाई. तिनेच गायलं तर ऐकायचं कुणी? तिने दात आवळले आणि चिमटा घट्ट धरला.

भगौती वाट बघत होता. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत, मान थोडी पुढे काढून.

आणि हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

आधी पुढच्या रांगेत, मग सगळीकडे. चांगल्या, मनापासून वाजवलेल्या टाळ्या. म्हातारा माणूस, विसरला असेल बिचारा, किंवा गाणंच एवढं असेल. कुणाचं चुकलं म्हणायचं? गाणारा थांबला की टाळ्या वाजवायच्या, एवढं तर पाळण्यातल्या पोरालाही कळतं. माइकवाल्याने पुढचं गाणं लावलं, ढोलाचा दणका उठला आणि रंगीत कपड्यांतली मुलं नाचत स्टेजवर घुसली. त्यांच्या मधोमध भगौती झांज छातीशी धरून अजून तसाच उभा. शेवटी श्राव्या वर गेली, त्याचं कोपर हळूच धरून त्याला खाली घेऊन आली.

“किती गोड म्हटलंत, अंकल!” ती म्हणाली.

परतताना गाडीच्या दोन्ही बाजूंना उंच वाढलेला ऊस. भगौती गाडी चालवत होता, सुभागवती मांडीवर रिकामे डबे घेऊन बसली होती. सैना सगळी संपली होती. मग तिला राहवेना.

“मोठा आला चारशे माणसांत ओळ उभी करणारा!”

भगौतीने गिअर बदलला.

“मजेदार गाणं म्हणे! माझ्या नवऱ्याचं मरण मजेदार! टाळ्या वाजवल्या त्यांनी, भगौती. टाळ्या!”

“त्यांना काय ठाऊक?”

“त्यांना नाही, तुला ठाऊक होतं ना? तुझी बायको गेली तेव्हा हा तापाने फणफणला होता. मी म्हटलं, नको जाऊस. तर दोन गोळ्या खाल्ल्या आणि तुझ्या अंगणात उभा राहिला. सगळा चौताल म्हटला. घरी येऊन अंथरुणात पडला तो आठवडाभर उठला नाही. आणि त्याच्यासाठी तुला एक माणूस मिळाला नाही? एक?”

“नाही मिळाला,” भगौती म्हणाला.

एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही. तिला वाटलं होतं तो उसळेल, भांडेल, म्हणजे जरा बरं वाटेल. तो भांडलाच नाही. घर आलं तशी ती डबे उचलून आत गेली आणि दार लोटून घेतलं. पिशवीतली पुरणपोळी तिने ओट्यावर ठेवली. टाकून द्यायचं जिवावर आलं, आणि खायची तर सोयच नव्हती. बिनसाखरेचा चहाही त्या रात्री तिने केला नाही. बिसेसरच्या खुर्चीकडे बघत ती पोटभर रडली. मेला तेव्हा रडली नव्हती एवढी रडली. तेव्हा निदान माणसं होती सभोवती.

सकाळी ती अंगणातल्या नळावर डबे घासत होती. रविवार होता. कुंपणापलीकडे केविन, शेजारचा गोरा म्हातारा, गवत कापत होता. त्याचं यंत्र घरघरत होतं, त्यामुळे फाटक वाजलेलं तिला कळलंच नाही. कळलं ते झांजेच्या ठोक्याने.

भगौती लिंबाच्या झाडाखाली उभा होता. कालचाच कुडता, कालचंच धोतर. पायरीवर त्याने स्टीलची ताटली ठेवली होती आणि तीत गुलाल. काल हॉलमध्ये मुलांना वाटायला आणलेल्या पुड्यांतली एक पुडी त्याने उचलून आणली असावी.

“डबे ठेव, भौजी. पदर घे डोक्यावर आणि पायरीवर बस.”

“काय आहे?”

“मेळा आलाय,” भगौती म्हणाला.

तिने त्याच्या मागे बघितलं. फाटकाकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. हात पुसले, पदर घेतला आणि पायरीवर जाऊन बसली.

भगौतीने लिंबापाशी उभं राहून, समोरच्या कपड्यांच्या दोरीकडे तोंड करून सवाल टाकला.

“पलीकडे कोण गं गेलं, होडी रिकामी आली…”

दोनदा म्हटला. शेवट लांबवून खाली आणला. मग त्याने झांज छातीशी धरली आणि चालू लागला. अंगण ओलांडून, दोन्ही पाय जरा ओढत, तो दोरीपाशी गेला. तिथे वळला. लिंबाकडे तोंड केलं. एक श्वास घेतला. मान जराशी तिरकी केली.

“गेलं ते परतेना गं, होडीला बोल नको लावू…”

आवाज त्याचाच होता, पण खालच्या पट्टीत, बिसेसरच्या पट्टीत. ‘परतेना’ वर बिसेसर थांबायचा तसा तो थांबला. सुभागवतीने पदराचा बोळा तोंडात धरला. मग तो पुन्हा निघाला, अंगण ओलांडून लिंबापाशी, पुढचा सवाल टाकायला. सवाल झाला की पुन्हा दोरीपाशी. एकदा या ओळीत, एकदा त्या ओळीत. एकही कडवं त्याने गाळलं नाही. तिसऱ्या कडव्याला त्याला धाप लागली, तेव्हा तो अंगणाच्या मध्यावर गुडघ्यांवर हात ठेवून थांबला. तिला वाटलं, आता बस म्हणावं. पण तिने म्हटलं नाही. दुखवट्यातल्या बाईने काही म्हणायचं नसतं. ऐकायचं असतं.

केव्हातरी तिच्या लक्षात आलं, कुंपणापलीकडची घरघर थांबलीय. केविनने यंत्र बंद केलं होतं. त्याला यातलं अक्षर कळत नव्हतं. बिसेसरने एकदा त्याच्या गाडीचं चाक बदलून दिलं होतं, एवढीच काय ती ओळख. टोपी काढून तो उभा होता. गाणं थांबायचं, भगौती पाय ओढत पलीकडे जायचा, तेवढा वेळ अंगणात काही आवाज नसायचा. केविनने एकदाही टाळी वाजवली नाही.

शेवटचा जबाब झाला. शेवट सवालवाल्यांच्या बाजूला करायचा असतो, म्हणून भगौती परत लिंबापाशी आला आणि झांज मिटून उभा राहिला. कुडता पाठीला चिकटला होता. बोलायला त्याच्यात दम नव्हता. त्याने नुसती हनुवटी ताटलीकडे केली.

सुभागवती उठली. ताटली उचलली. जूनपासून तिच्या बोटांना रंग लागला नव्हता. तिने चिमूट घेतली आणि भगौतीच्या कपाळाला गुलाल लावला. त्याने मान लववून तो घेतला. ताटली घेऊन ती मागे वळली. ओट्यावर ती पोळी होती, तिचे दोन तुकडे करावेत, याला पाणी द्यावं, असं काहीबाही मनात आलं.

“थांब, भौजी,” भगौती म्हणाला.

तो पुन्हा चालत निघाला. सावकाश, अंगण ओलांडून, दोरीपाशी. तिथे वळला, डोळे गच्च मिटले, आणि समोरच्या ओळीत उभा राहून त्याने पुन्हा मान लववली.

सुभागवती त्याच्यापाशी गेली. कपाळावर गुलाल होताच, घामाने भुवयांपर्यंत ओघळलेला. तिने ताटलीतून दुसरी चिमूट घेतली आणि हात तसाच धरून जरा वेळ थांबली. ‘हळू गं’ कुणी म्हणालं नाही. तरी तिने हळूच लावला.